असेंब्ली पॉइंटवरचं निरांजन

कमलमावशींनी पॅकिंगच्या टेबलावर बहिणीचा फोटो ठेवला, हार घातला आणि पिशवीतून काडेपेटी काढली. मी मध्ये हात घातला.

"मावशी, इथं नको."

पिरंगुटजवळच्या एका रूम फ्रेशनरच्या कारखान्यात मी सेफ्टी ट्रेनी आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मोठ्या माणसांना अडवताना अजून जीभ अडखळते. मावशींची धाकटी बहीण संगीता दुसऱ्या एका कंपनीतल्या आगीत गेली. तिच्याबरोबरच्या आणखीही बायका गेल्या. त्या आगीच्या तारखेला आमच्याकडच्या बायका दरवर्षी निरांजन लावतात, आणि गेटवर त्या दिवशी पिशव्या कुणी तपासत नाही, हे मला त्याच तारखेच्या सकाळी कळलं. मॅनेजर साहेब म्हणाले होते, "तूच सांग त्यांना. मला नाही जमायचं."

मी मावशींना म्हटलं, "हवेत फ्रेशनरच्या सॉल्व्हंटची वाफ असते. दिसत नाही, पण ठिणगी मिळाली की पेट घेते."

"माझी भैन जळून गेली, आन् तू मला आग शिकवतीस व्हय?"

बाकीच्या बायका टेबलाजवळ आल्या.

"शिकवत नाही, मावशी. मला भीती वाटते."

त्यांनी काडेपेटी माझ्या हातात दिली.

"मग कुटं लावू? आज तिला बिनदिव्याची ठिवू?"

मला गेटाजवळचा असेंब्ली पॉइंट आठवला. सायरन वाजला की सगळ्यांनी बाहेर येऊन जमायची ती मोकळी जागा. आमच्याकडे ती मोकळी कधीच नसे. तिथं साहेबांची गाडी उभी असायची, शेजारी बाकीच्यांच्या बाइक.

मी केबिनमध्ये गेले. "सर, गाडी काढावी लागेल."

"आजच्या दिवस राहू दे ना."

माझ्या मागे मावशी फोटो घेऊन उभ्या होत्या. "सायेब, संगी कुटं बसल मग?"

साहेबांनी किल्ली उचलली.

निरांजन तिथं लागलं. वारा होता, म्हणून बायका त्याच्याभोवती कडं करून उभ्या राहिल्या. साहेबही चपला काढून उभे राहिले. संध्याकाळी मावशींनी फोटो घरी नेला. फरशीवर तेलाचा डाग तेवढा राहिला.

तिथं 'नो पार्किंग'च्या पाट्या आधीही होत्या. पण त्या दिवसापासून डागावर कुणी गाडी लावत नाही. पुढच्या मॉक ड्रिलला, म्हणजे आगीच्या सरावाला, सगळे थेट तिथं जमले. कमलमावशी सगळ्यात आधी आल्या. मी माणसं मोजली. आत कुणी राहिलं नव्हतं.