वीसनखी

तोंडावर सगळे तिला ताई म्हणतात, पाठीमागे शिट्टीबाई. ती कुत्र्यांना हाका मारत नाही, गळ्यातली पितळी शिट्टी वाजवते. एक लांब म्हणजे थांब, दोन आखूड म्हणजे वळ, तीन म्हणजे परत ये. वय बेचाळीस. लग्न केलं नाही. "आठ कुत्र्यांचं करता करता नवव्याला जागाच उरली नाही," असं ती स्वतःच सांगते आणि ऐकणाऱ्याच्या आधी हसते.

घरामागे जाळीच्या आठ खोल्या, वर पत्रा, मध्ये फरशीचं अंगण. ते रोज दोनदा धुतलं जातं. तिथे ती पाखरांच्या शिकारीची कुत्री वाढवते. लव्हाळ्यात दडलेलं पाखरू वासावरून हेरायचं, पुढचा पाय उचलून दगडासारखं थांबायचं, आणि बार झाला की पाण्यात उडी मारून ते पाखरू दात न लावता आणून द्यायचं, हे त्यांचं काम.

मी इथला जनावरांचा डॉक्टर. गोष्ट तिची आहे, पण ती फुटली माझ्या टेबलावर, म्हणून मी सांगतोय.

आधी नखांचं सांगायला हवं. कुत्र्याच्या पुढच्या पायांना पाच-पाच नखं असतात. पाचवं जरा वर, आतल्या बाजूला, आपल्या अंगठ्यासारखं. मागच्या पायांना चार-चार. एकूण अठरा. पण एखादं पिल्लू मागच्या पायांनाही तो अंगठा घेऊन जन्माला येतं. ते वीसनखी. कुणी म्हणतं, वीसनखी कुत्रा मरणाला भीत नाही. कुणी म्हणतं, तो दारात बांधू नये. जितकी तोंडं तितकी मतं.

शिट्टीबाईचं मत तिच्या मामाचं होतं. वडील गेले तेव्हा ती चौदा वर्षांची. वडिलांची चार कुत्री मागे राहिलेली, आई दिवसभर शिवणयंत्रावर. मामा शेजारच्याच वस्तीत राहायचा, त्याचीही कुत्री होती. तो रोज सकाळी यायचा. कुत्री व्याली की पिल्लं वाळण्याआधी त्यांना कसं चोळायचं, कुठलं दूध पीत नाही ते कसं ओळखायचं, शिट्टी कशी धरायची, सगळं त्यानेच शिकवलं. आणि पहिल्याच वेताला एक पिल्लू उलटं धरून, मागच्या पायावरून अंगठा फिरवून म्हणाला, "हे बघ. वीस. हे घाण रक्त. याचं नाक अर्धं असतं, पळताना हे नख झुडपात अडकतं, आणि याची पिल्लं याहून वाईट. अशाचा वंश वाढवायचा नाही. कितीही गोड दिसू दे."

"मग याचं काय करायचं?"

"मी लावतो सोय. कुणाच्या तरी घरी राखण करेल. त्याचंही बरं होईल."

ही रीत पुढे सव्वीस वर्षं चालली. पिल्लं झाली की ती मागचे पाय तपासायची, वीसनखी निघालं की मामाला निरोप. मामा टोपली घेऊन यायचा. मी इथे नवीन असताना एकदा तिला म्हणालो होतो, "ताई, या नखाचा आणि नाकाचा तसा काही संबंध नसतो." ती हसली. "डॉक्टर, तुम्ही पुस्तक वाचलंय. माझ्या मामाने कुत्री वाचलीत."

मी यायच्या आधीची एक कुत्री होती, काजळी. हिच्याबद्दल मी इतकं ऐकलंय की मी तिला पाहिलेलं नाही यावर माझाच विश्वास बसत नाही. राखाडी अंग, डोळ्यांभोवती काळं, आणि मागच्या दोन्ही पायांना अंगठे. नियमाप्रमाणे तिसऱ्या आठवड्यात जायची, पण शिट्टीबाईने काही ना काही निमित्त काढून तिला सहा महिने ठेवून घेतलं. सहाव्या महिन्यात तळ्याकाठी काजळी वाऱ्याकडे तोंड करून थांबली. पलीकडच्या काठावर, पाण्यापार, लव्हाळ्यात पाखरू होतं. इतक्या लांबून. शिट्टीबाई म्हणते, "माझ्या अंगावर काटा आला. वडिलांच्या कुत्र्यांतही असं नाक नव्हतं."

मामा तिथेच उभा होता. पलीकडच्या काठाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "योगायोग. वारा फिरला असेल. पोरी, आज मोह धरलास तर उद्या सगळा वंश नासेल. नियम म्हणजे नियम."

तिने काजळीला स्वतः अंघोळ घातली, पट्टा नवा घातला आणि दिली. फाटकाशी काजळी मागे वळून बसली, उठेना. मामाने उचलून नेली. एका फळबागेत दिल्याचं त्याने सांगितलं. बाग लांब होती, मालक विक्षिप्त होता, कुणी भेटायला आलेलं त्याला खपायचं नाही. पण मामा अधूनमधून खबर आणायचा. "काजळी लठ्ठ झालीये बघ." "त्यांच्या धाकट्या मुलीच्या पायाशी झोपते म्हणे." "पेरूच्या झाडाखाली खड्डा करून ठेवलाय तिने, मालक ओरडतो." शिट्टीबाईला तेवढ्यावर महिनाभर बरं वाटायचं.

पुढच्या वर्षांत मामाच्या कुत्र्यांचं नाव झालं. दरवर्षी शिकारी मंडळाची चाचणी होते, तळ्याकाठी, थंडीत. पहिले तीन क्रमांक मामाचेच. शिट्टीबाईची कुत्री चौथी, पाचवी. ती टाळ्या वाजवायची, वर कौतुकाने सांगायची, "माझ्या मामाचा हातगुण." मामाचा सगळ्यात नावाजलेला नर म्हणजे बाण. शिट्टीबाईने आपल्या दोन उत्तम माद्यांना तोच लावला. दोन्ही वेतांत निम्मी पिल्लं वीसनखी निघाली. मामाने हळहळ केली. "तुझ्या माद्यांत दोष आहे गं. बाण तर अठरानखी आहे, बघतेस ना? बंद कर या दोघींचं." तिने बंद केलं. ज्या माद्यांवर तिने आयुष्याची बारा वर्षं घातली होती त्यांचा वंश तिने स्वतःच्या हाताने थांबवला. आणि वीसनखी पिल्लं? नेहमीप्रमाणे मामा टोपली घेऊन आला.

दोन वर्षांपूर्वीच्या शरदात मामाचा पाय मुरगळला. त्याच दिवशी बाण कुंपणाच्या तारेत अडकला, मागची मांडी खालपर्यंत फाटली. मामाने भाचीला फोन केला. ती बाणाला मांडीवर घेऊन रिक्षातून माझ्याकडे आली, ओढणी रक्ताने भिजलेली.

भूल दिली. टाके घालायचे म्हणून मी पायावरचे केस काढत खालपर्यंत आलो. आतल्या बाजूला, पंजाच्या वर, वाटाण्याएवढा बोडका डाग होता. जुना, पांढरा. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "याची मागची नखं लहानपणीच काढलेली दिसतायत."

"याची नाही हो. हा जन्मतः अठरानखी."

मी दुसरा पाय उचलला. तिथलेही केस काढले. तसाच डाग, अगदी त्याच जागी.

मी बोलायला नको होतं की बोलायलाच हवं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिने आपला अंगठा एका डागावर ठेवला, मग दुसऱ्यावर. पुन्हा पहिल्यावर. मी टाके घालत राहिलो.

"हे कधी करतात?" तिने विचारलं.

"जन्मल्यावर तीन-चार दिवसांत. तेव्हा नुसता कातडीचा कोंब असतो."

"म्हणजे मला तो दिसायच्या आधीच."

"हो."

"आणि हे पिल्लांत उतरतं?"

"उतरतं. नख कापलं तरी रक्तातलं जात नाही. आई किंवा बाप, कुणाकडूनही येतं."

ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "खरं सांगा डॉक्टर. त्याने काही बिघडतं का?"

मी जे माहीत होतं ते सांगितलं. पुढच्या पायाचा अंगठा उपयोगी असतो, काठ चढताना, हाड धरताना, तो काढू नये. मागचा कधी नुसता कातडीला लोंबतो, तो झुडपात अडकून फाटू शकतो, म्हणून काही लोक काढतात. घट्ट असेल तर काहीच होत नाही. डोंगरातले काही धनगर तर वीसनखीच शोधून घेतात. "नाकाशी संबंध?" "काही नाही." "धाडसाशी?" "नाही." "वंश नासतो?" "नाही, ताई."

बाणाला घेऊन ती थेट मामाकडे गेली. पुढचं तिने मला नंतर सांगितलं, एकदाच, आणि असं की एकही शब्द इकडचा तिकडे होणार नाही.

मामा ओट्यावर पाय पाटावर ठेवून बसला होता. तिने बाणाला त्याच्यासमोर निजवलं आणि मागचे दोन्ही पाय फाकवून दाखवले. मामाने डागांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नाही म्हणाला नाही. एवढा मोठेपणा त्याने दाखवला.

"कुणाचा आहे हा?" तिने विचारलं.

"काजळीचा."

"बाग?"

"बाग कसली आलीये."

"आणि ती मुलगी? पेरूचं झाड? ते तू रोज बसून बनवत होतास?"

"तुला बरं वाटायचं," मामा म्हणाला.

तिने विचारलं काजळी कुठे आहे. गेल्या थंडीत गेली, तो म्हणाला. तीन वेळा व्याली, शेवटी डोळ्यांनी दिसत नव्हतं, मागच्या खोलीत असायची. शिट्टीबाई दर आठवड्याला त्या घरी जायची. मागच्या खोलीचं दार कायम लावलेलं असायचं. आत माजावरच्या माद्या ठेवतो, उघडू नको, असं मामाने सांगून ठेवलं होतं.

"पहिल्यापासून खोटंच होतं?"

"नाही गं. माझ्या बापाने मला तेच शिकवलं, मी तुला शिकवलं. तुझी आधीची पिल्लं मी खरंच घरोघर दिली. पण त्या दिवशी तळ्याकाठी काजळीला पाहिलं आणि कळलं, की आपण आयुष्यभर मूर्खपणा केला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

मामा पाय चोळत म्हणाला, "सांगितलं असतं तर तू तिला परत मागितली असतीस."

ती उठली. तो मागून बोलत राहिला. शिकवलं कोणी, तुझ्या आईला आधार कोणी दिला, धंद्यात कोण कुणाचं असतं. तिने फाटक लावून घेतलं.

घरी आई वाटाणे सोलत होती. शिट्टीबाईने सगळं सांगितलं. आई मान खाली घालून सोलत राहिली. शेंगा संपल्या तरी बोटं टोपलीत फिरत होती, तेव्हा लेकीला संशय आला.

"आई, तुला माहीत होतं?"

आईने मान वर केली नाही. "मी एकदा मागच्या खोलीत गेले होते. पाच वर्षं झाली. काजळीने मला ओळखलं. माझ्या पदरात तोंड घातलं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तुझे बाबा गेले तेव्हा तोच उभा राहिला होता गं. त्याने माझ्या गळ्याची शपथ घातली. मी कुणाच्या बाजूने तोंड उघडणार?"

"माझ्या," शिट्टीबाई म्हणाली.

मामाचं तिला वाईट वाटलं, पण आईचं ते आत जाऊन बसलं. दोघी अजून एकाच घरात राहतात, एकाच पातेल्यातली भाजी खातात. पण कुत्र्यांच्या खोल्यांची किल्ली पूर्वी खुंटीवर असायची, ती आता शिट्टीबाईच्या कमरेला असते.

तिने शिकारी मंडळात हे सांगितलं. तिला वाटलं होतं, निदान तिथे कुणी हादरेल. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "नख काढणं नियमाबाहेर नाही, ताई. बरेच जण काढतात." कुणी तरी मागून म्हणालं, "आम्हाला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. मामाच तुमचे." चहाच्या टपरीवर पुढचे पंधरा दिवस एकच विनोद चालला, की मामाने भाचीलाच मामा बनवलं. त्या थंडीत बाण लंगडत होता, तर त्याच्या बहिणीने पहिला क्रमांक काढला. टाळ्या पडल्या. शिट्टीबाई त्या वर्षी तळ्यावर गेली नाही.

बंद केलेल्या दोन माद्यांपैकी एक तोवर म्हातारी झाली होती. दुसरीला अजून एक वेत होईल असं मी सांगितलं. शिट्टीबाईने लांबून, अनोळखी माणसाकडून नर आणला. पाच पिल्लं झाली, त्यांत एक वीसनखी. बाणाचं रक्त नाही, नर अठरानखी, त्याच्या पायांवर डागही नाहीत, म्हणजे ते आईच्याच बाजूने आलेलं, काजळी ज्यात जन्मली त्या जुन्या घराण्यातलं. तिने ते ठेवून घेतलं. नखं तशीच ठेवली, घट्ट होती. कुणी घ्यायला आलं की ती पिल्लाचे मागचे पाय आधी दाखवते, मग तोंड.

मामाकडून दोनदा निरोप आला, एकदा तो स्वतः फाटकापर्यंत आला. ती अंगण धूत होती, धूत राहिली. आईने आतून चहा पाठवला. तो त्याने फाटकाबाहेर उभं राहून प्यायला आणि कप भिंतीवर ठेवून गेला.

परवा ती त्या वीसनखी पिल्लाला लस द्यायला घेऊन आली. मी छाती तपासली. "ठोके उत्तम आहेत," मी म्हणालो. तिने हात पुढे केला. ऐकीव खबरीवर आता तिचं भागत नाही, हे मला कळायला जरा वेळ लागला. मग मी नळ्या कानांतून काढून तिला दिल्या. तिने त्या आपल्या कानांत घातल्या, चकती पिल्लाच्या छातीवर ठेवली आणि डोळे मिटून ऐकत राहिली.