फोटोची रिकामी जागा

ऑफिसातल्या मित्राची नोकरी गेली, तिच्याबरोबर या देशात राहायचा पासही गेला आणि तो बायकापोरांसह पुण्याला परत निघाला. अशा वेळी स्क्रॅपबुक भेट द्यायची आमच्या मराठी मंडळींत पद्धत पडली होती. मला तिचा कंटाळाच आला होता. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी निघायचंच. तरी मित्राचा फोटो द्यायला मी जुरोंग ईस्टला, स्क्रॅपबुक बनवणाऱ्या बाईंच्या फ्लॅटवर गेलो.

जेवणाच्या टेबलावर फुलाफुलांचे, ठिपक्यांचे कागद पसरले होते. बाईंनी एक कागद ठेवला, त्यावर जरा तिरका दुसरा, वर लेस, कोपऱ्यात कागदी फुलं. मग मागे सरून, एक डोळा मिटून पाहिलं आणि लेस थोडी खाली ओढली. बोटांवर गोंद वाळला होता. सगळं चिकटवलं, पण मधली फोटोची जागा रिकामीच ठेवली.

"फोटो नाही लावत?"

"तिकीट काढल्यावर लावते. कधी ऐन वेळी दुसरी नोकरी मिळते, नवा पास होतो, माणसं राहतात." त्या खुर्चीत टेकल्या. "फार वेळा नाही होत तसं."

मी निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमचा पास कधीपर्यंत?"

"मार्चपर्यंत."

"आणि घरात रंग कुठला आवडतो?"

"निळा."

त्यांनी गठ्ठ्यातून एक निळा कागद काढला आणि कपाटात वेगळा ठेवला.

"राहू दे तिथे," म्हणाल्या. "नाही लागला तर उत्तमच."