आधी लग्न, मग ऑपरेशन
मेणबत्ती विझल्यावर येणाऱ्या वासानं मला अजून ताईचं लखनौच्या आलमबागमधलं लग्न आठवतं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बाबांच्या खासगी कंपनीतल्या बदलीमुळे आम्ही नागपूरहून नुकतेच लखनौला आलो होतो. ताईचं लग्न ठरलं आणि तिच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. बाबा म्हणाले, "आधी बरी होऊ दे, लग्नाचं मग बघू." होणारे भाऊजी मात्र हटूनच बसले. "काका, आधी लग्न. माझ्या सरकारी नोकरीत बायकोचा उपचार फुकट होतो, ठरलेल्या नवरीचा होत नाही." आमच्यात मुहूर्त बघायचाच नसतो, म्हणून त्याच रविवारी मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण-पंचशील म्हटलं, हार घातले, आणि शेजारच्या भाभींनी पाठवलेल्या दशहरी आंब्यांवर सगळ्यांनी ताव मारला. सोमवारी ताई लग्नातल्या पांढऱ्या साडीतच दवाखान्यात गेली. डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "घबराइए नहीं, हम पूरी चेष्टा करेंगे." ताई ताडकन उठली. "कालच लग्न झालंय माझं, आणि हे माझी चेष्टा करणार?" भाऊजींना हसू आवरेना. "अगं, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न!" ताई पुन्हा बसली, पदर सावरत म्हणाली, "मग करा म्हणावं, भरपूर करा." ऑपरेशन झालं. पुढे औषधांनी तिचे केस गेले, तेव्हा भाऊजी रोज तिला चमच्यानं खिचडी भरवत आणि म्हणत, "चला, तेलाचा खर्च वाचला." ताई आता सत्तरीला आलीय. डॉक्टरांनी हिंदीतली चेष्टा केली. भाऊजींनी मात्र दोन्ही भाषांतली.