मागे घेतलेल्या दुरुस्त्या

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. तेलीबागेतील घराच्या बाल्कनीत मी चहा घेत होतो, तेव्हा फोन वाजला.

लखनौतील मराठी कुटुंबांचा समाजमाध्यमावर एक समूह आहे. कोणालाही वाचता येईल असा, उघडा. त्याच्या संचालकाने दिवाळी फराळाचे निमंत्रण टाकले होते. हे गृहस्थ हवाई दलातून निवृत्त झालेले, सरोजिनी नगरात राहणारे. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी मला काका म्हणतात.

निमंत्रण मी दोनदा वाचले. एकही चूक सापडली नाही. खाली त्यांनी लिहिले होते, ‘हे मशीनने लिहिलंय. एक पण गलती नाही. काका, आता तुमची छुट्टी!’

हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या रांगेतील प्रत्येकाची मराठी मी कधी ना कधी दुरुस्त केली होती.

मी रेल्वेत अभियंता होतो. सदोष नकाशावर सही करत नसे. निवृत्तीनंतर ती सवय या समूहात आली. इथल्या मराठी घरांत हिंदी उंबऱ्याबाहेर थांबत नाही. कोणी ‘माझी मदत करा’ असे लिहिले की मी खाली ‘मला मदत करा’ असे लिहीत असे. वर्षानुवर्षे लिहिले. ते काम मला कोणी दिले नव्हते. म्हणून ते काढून घेण्याचा अधिकारही कोणाला नव्हता.

मी विचारले, ‘यंत्र हे कोणाकडून शिकले?’

त्याच सुमारास ते समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपनीची सूचना आली होती की सदस्यांचे सार्वजनिक लेखन यंत्राला शिकवण्यासाठी वापरले जाईल. त्यामुळे वाद लगेच पेटला. एका बाईंनी विचारले, ‘म्हणजे माझ्या नातवाच्या बारशाचं वर्णनपण घेणार का हो?’ दुसऱ्याने सुनावले, ‘आपण फुकट वापरतो, त्यांनी फुकट घेतलं. हिसाब बराबर.’ मी लिहिले की, शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याला आधी विचारावे. संचालकांचे उत्तर आले:

‘चौकात बोललात तर चौकातले ऐकणारच. आणि मशीन तुमच्याकडूनच शिकलं असेल, काका. आभारी आहोत. आता आराम करा.’

पुन्हा हसरे चेहरे.

मी चहाचा कप विसळून ठेवला. आराम करण्याचा विचार नव्हता.

दुपारी मुलगी आली. ती आलमबागला राहते, मंगळवारी येते. मराठी तिला समजते. उत्तर ती हिंदीत देते. आपले जुने लेखन कसे पुसायचे, असे मी तिला विचारले.

‘बाबा, कोई फायदा नहीं. मशीन को जो सीखना था, सीख लिया.’

‘फायदा विचारला नाही. रीत विचारली.’

तिने रीत दाखवली. मग थांबली. ‘एक बात है. आपका कमेंट हटेगा तो उसके नीचे के जवाब भी हट जाएँगे. आई के भी.’

तिची आई जाऊन दीड वर्ष झाले. लिहिण्याची तिला आवड नव्हती. एकदाच तिने या समूहात एक ओळ टाकली, आणि मी चूक दाखवली तेव्हा माझ्या ओळीखाली टोला हाणला. तिचा एवढाच मजकूर या जगात उरला होता, आणि तो माझ्या दुरुस्तीला टांगलेला होता.

‘ठीक आहे,’ मी म्हणालो. मुलगी घरी गेली.

मी अलीकडून मागे सुरुवात केली. एकेक दुरुस्ती पुसत गेलो आणि एकेक चूक उघडी पडत गेली. ‘मी त्यांना पूछलं.’ ‘सर्वांना सूचित केले जाते.’ हे हिंदी धाटणीचे दुसरे वाक्य खुद्द संचालकांचे. यंत्राला मराठी हवी होती ना? घ्यावी, यांच्याकडून घ्यावी. आयुष्यात कोणतीही मोडतोड मी इतक्या नीटनेटकेपणाने केली नव्हती. आनंद झाला, हे लपवण्याचे कारण नाही.

चारच्या सुमारास संचालकांचा फोन आला.

‘अहो काका, हे काय चाललंय? तुमचं सगळं गायब आणि आमचं सगळं तसंच! फराळाला नवे लोक येणार, ते वाचतील ना. इतकं काय मनावर घेता?’

‘मी आराम करतो आहे.’

‘मजाक होता हो. परत टाका ना. प्लीज, माझी मदत करा.’

मी त्यांचे वाक्य दुरुस्त केले नाही. ‘करणार नाही,’ म्हटले आणि फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत शेवटची ओळ आली. बायकोने वाडग्याचे छायाचित्र टाकून लिहिले होते, ‘आज दही छान लागला.’ तिचा जन्म लखनौचा. दह्याला तिने जन्मभर हिंदीप्रमाणे पुल्लिंगीच ठेवले. खाली माझी दुरुस्ती, ‘दही नपुंसकलिंगी आहे. छान लागले.’ त्याखाली तिचे उत्तर. ते लिहिताना ती स्वयंपाकघरात होती, मी बाहेरच्या खोलीत.

‘जेवायला या. व्याकरण गार होतंय.’

दुरुस्ती पुसली असती तर हे गेले असते. ठेवली असती, तर त्या हसणाऱ्यांना आणि त्यांच्या यंत्राला माझ्याकडून एक योग्य वाक्य मिळाले असते. तेवढेही मला द्यायचे नव्हते.

पडद्यावर पुसण्याच्या पर्यायाच्या वर ओळ बदलण्याची सोय होती. मी माझी ओळ बदलली, ‘बरोबर आहे. दही छान लागला.’ चुकीचे आहे हे जाणून लिहिलेले माझे हे एकमेव मराठी वाक्य. समूहात माझे आता तेवढेच आहे. तिचे उत्तर त्याखाली जागच्या जागी राहिले. यंत्राने शिकायचेच असेल तर तिचा दही शिकावा.

नंतर समूह सोडला. दूध कोमट केले, त्यात विरजण घातले, पातेल्यावर ताटली ठेवली.