गप बसायची शिकवणी

आमच्या वॉर्डातल्या आत्यांइतकं मन लावून रागावणारं माणूस बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत दुसरं नसेल. आपण रागावतो ते घाईघाईत, अर्धवट, आणि मग दिवसभर पस्तावतो. आत्या सकाळी उठून, तोंड धुऊन, पदर खोचून रागावत. पंख्यावर रागावत, कारण तो फिरायचा पण वारा द्यायचा नाही. आमटीवर रागावत, कारण तिला डाळीपेक्षा पातेल्याची चव जास्त. टीव्हीवरच्या मालिकेतल्या सुनेवर तर रोज रागावत, कारण ती सगळं ऐकून घ्यायची. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्हा मुलींना इंदापूरकडच्या एका मनोरुग्णालयात कामाला पाठवलं होतं. बायकांच्या वॉर्डात मी पाऊल टाकलं आणि एका पेशंटचा धक्का लागून माझ्या हातातला ट्रे पडला. मी सवयीने "सॉरी" म्हणाले. दाराजवळच्या पहिल्या खाटेवरून आत्यांचा आवाज आला, "धक्का तिनं मारला, गोळ्या तुझ्या सांडल्या, आन् माफी तूच मागतीस व्हय?"

त्या दिवसापासून माझं नाव 'मुकी' पडलं. ते अगदीच खोटं नव्हतं. आमच्या इंग्रजी शाळेत हळू बोलणाऱ्या मुलींना बक्षीस मिळायचं, आणि घरी कुणाला राग आला की माणसं "फाइन" म्हणतात आणि दार हळू लावतात. वीस वर्षं मी तो हळू लावलेल्या दाराचा आवाज ऐकत वाढले. त्यामुळे एखादी बाई डाळीच्या पातेल्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि आचाऱ्याला बाहेर बोलावते, हे मला आधी भयंकर वाटलं आणि मग, खरं सांगायचं तर, पाहतच राहावंसं वाटलं.

आत्यांचं शेत कन्हेरीकडे, चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांना पाणी नेणाऱ्या पाटाच्या, अगदी शेपटाला. कालव्याचं पाणी सुटलं की ते आधी शेपटाच्या शेताला द्यायचं आणि मग वर वर यायचं, असा नियम. वरच्याने आधी आपल्या शेताचं दार उघडलं की खाली थेंब पोचत नाही. हा नियम आत्यांनी वॉर्डालाही लावला होता. सोलरचं गरम पाणी निम्म्या बायकांना पुरायचं, म्हणून स्वतःची खाट पहिली असूनही त्या बादली घेऊन न्हाणीघराच्या दारात उभ्या राहत आणि आधी कोपऱ्यातल्या शेवटच्या खाटेवरच्या म्हातारीला आत सोडत. स्वतः गार पाण्याने अंघोळ करत आणि त्याबद्दलही रागावत. चहा शेपटाकडून, जेवण शेपटाकडून. डॉक्टर आत आले की "तिकडनं" एवढंच म्हणत, आणि डॉक्टर निमूट शेवटच्या खाटेकडे चालू लागत. इंजेक्शनंसुद्धा तिकडूनच सुरू व्हायची. त्या दिवशी शेपटाकडच्या बायका आत्यांना ज्या शिव्या देत, त्या मी आमच्या मराठीच्या पुस्तकात कधी वाचल्या नव्हत्या.

आत्या आजारी नव्हत्याच, असं मी म्हणणार नाही. नवरा गेल्यावर दीर वरच्या अंगाला पाणी अडवू लागला, तेव्हा त्या रात्रंदिवस चारीवर बसून राहिल्या. झोप गेली, जेवण गेलं, पाण्याशी बोलू लागल्या. एका सकाळी पहारीने चारीचं लोखंडी दार फोडलं, आणि दीर आणि मुलगा मिळून त्यांना इथे घेऊन आले. उपचार झाले. झोप आली, जेवण आलं, पाणी बोलायचं थांबलं. दिवाळीच्या आधीच डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं होतं. म्हणाले, आजार गेलाय, राहिलाय तो राग, त्याची गोळी माझ्याकडे नाही. मुलाची कारणं मात्र संपत नव्हती. आधी ऊसतोड, मग एमआयडीसीतल्या कंपनीत सुट्टी नाही, मग घराला रंग. मोठ्या सिस्टरांनी फोन केला की तो प्रत्येक वेळी तेच विचारायचा, "आजून चिडती का वो?" आणि नेमकं त्याच वेळी मागून आत्यांचा पंख्यावरचा ओरडा ऐकू जायचा.

हे आत्यांना कळायचं राहिलं नाही. एका दुपारी त्यांनी मला खाटेवर बसवलं. आवाज पहिल्यांदाच खाली होता. "मुके, तुला येतंय ते मला शिकीव. गप बसायचं."

आयुष्यात मला कुणी शिकवायला सांगितलेली ही पहिली गोष्ट. मी शिकवली. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, फरशीकडे बघायचं. शब्द जिभेवर आला की आवंढा गिळायचा. काहीही ऐकलं तरी "बरं" म्हणायचं. आत्या रोज सराव करत. फरशीकडे बघत, गिळत, मधेच म्हणत, "आगं, ह्यानं पोट फुगतंय." वॉर्ड हसायचा. मी हसत नव्हते. इतकं नीट मला हे कुणी शिकवलं, याचा विचार मी पहिल्यांदाच करत होते, आणि माझं डोकं तापत चाललं होतं.

मुलगा आला तो कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून, मोटरसायकलवर. आत्या हात जोडून बसल्या. तो म्हणाला, घरात शांत राहायचं. "बरं." सुनेला बोलायचं नाही. "बरं." मग खिडकीबाहेर बघत त्याने सांगितलं, "चारीचं पाणी आता काका बघत्यात. त्यात तू पडायचं न्हाय." आत्यांची मान ताठ झाली. त्यांनी गिळलं आणि म्हणाल्या, "बरं."

माझ्याच्याने ते ऐकवलं नाही. मी म्हणाले, आणि आवाज इतका मोठा निघाला की माझा मलाच अनोळखी वाटला, "पाणी अडवतो त्याला कुणी इथे आणत नाही. चिडणारीलाच आणतात. राग येणं हा आजार नाही."

तो घाबरून मोठ्या सिस्टरांकडे वळला. "ह्या मॅडम पण हितल्याच पेशंट हायत का?"

आत्यांनी पदर तोंडात कोंबला. खांदे गदगदत होते. मुलाला वाटलं, आई रडते. त्याला भरून आलं, आणि पुढच्या आठवड्यात तो गाडी घेऊन आला.

जाताना आत्यांनी शेपटाकडून सुरुवात करून सगळ्यांचा निरोप घेतला. गाडीत फरशी नव्हती, म्हणून पायाशी बघत बसल्या. मी खिडकीतून गोळ्यांची पिशवी दिली आणि चुकवायच्या नाहीत म्हणून सांगितलं. मुलगा गाडीला वळसा घालून आपल्या बाजूला जात होता, तेवढ्यात त्यांनी मान वर केली. "गोळ्या घीन मुके. बाकीचं पाणी सुटल्यावर बघू."

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात अंघोळी पुन्हा पहिल्या खाटेपासून सुरू झाल्या. मी चिडले, मोठ्या सिस्टरांशी भांडले, आणि मी तिथे होते तोवर त्या शेपटाकडून झाल्या. पुढचं मला माहीत नाही.

आता कालव्याला पाणी सुटलं की मी स्कूटी मुद्दाम कन्हेरीच्या रस्त्याने घेते. चारीजवळ थांबते, हेल्मेट काढते. पाण्याचा आवाज येतो, लांबून ट्रॅक्टरचा येतो. आत्यांचा ओरडा काही अजून ऐकू आलेला नाही. शेपटाचं शेत रस्त्यापासून बरंच आत आहे, अशी मी स्वतःची समजूत घालते आणि आणखी थोडा वेळ उभी राहते.