अंबाड्यातली पेन्सिल

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई अंबाड्यात पेन्सिल खोचून फिरतात. इंग्रजी वाक्य दिसलं की त्यातली प्रिपोझिशनल फ्रेज, म्हणजे इन-ऑन-ॲटवाला तुकडा, अधोरेखित करणारच, मग ती लग्नपत्रिका असो की औषधाचं खोकं. माझी लेकही त्यांच्याकडे जाते. "कुठे, केव्हा, कोणाबरोबर, शोध गं!" हा आवाज जिन्यात ऐकू येतो.

परवा त्यांचे मिस्टर गेले. सेक्रेटरींनी लिफ्टपाशी निधनाची इंग्रजीत नोटीस लावली. बाई थांबल्या, त्यांनी पेन्सिल काढली. 'ॲट होम'खाली रेघ, 'इन द इव्हनिंग'खाली रेघ. मी शेजारीच उभी होते. 'विथ हिज फॅमिली' मात्र त्यांनी खोडून टाकलं.

"आत ते एकटेच होते," त्या म्हणाल्या. "मी बाहेर हॉलमध्ये तुमच्या लेकीकडून रेघा मारून घेत होते."