पाटकरांची रिमोटची गाडी

डोंबिवलीत पाणी साठत नाही म्हणून लोक ओरडतात, पण आमच्या बिल्डिंगीत किस्से असे साठतात की गच्चीवरची टाकी भरून वाहावी! कुणी मुद्दाम गोळा करत नाही. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी पाटकरांच्या गॅलरीसमोर आणि मजल्यावरचा एकुलता एक फोन माझ्या घरात. आता यात माझा काय दोष? आमचे हे म्हणतात, "आधी तुझं नाक जातं, मग तू जातेस!" म्हणोत बापडे. त्या नाकामुळेच पाटकरांच्या गाडीचं सगळं मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

घरोघरी केबल नुकती आलेली, तेव्हाची गोष्ट. सुरेश पाटकर मानपाड्याला एका कंपनीत टूलरूममध्ये होते. सगळ्या बिल्डिंगीचे मिक्सर, पंखे, इस्त्र्या त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. मग एक दिवस प्रेस मशीनमध्ये उजवा हात सापडला. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली बोटं गेली. कंपनीने स्टोअरमध्ये खुर्ची दिली, पण तो हात पँटच्या खिशात गेला तो गेलाच. जेवायचे डाव्या हाताने, तेही दार लावून. कुणी नमस्कार केला की नुसती मान लववायचे.

त्यांची बायको नलू घरी ब्लाउज शिवते. तिचे टाके इतके बारीक की चष्मा लावून शोधावे लागतात. ती सारखी त्यांच्या पँटचा उजवा खिसा दुरुस्त करत बसायची. "वहिनी, लोकांचे गुडघे फाटतात, आमच्याकडे खिसा फाटतो!" असं हसत सांगायची. एकदा मात्र हसता हसता थांबली आणि म्हणाली, "हे पुन्हा कधी पाना हातात घेतील का हो?"

मी चहा टाकायला उठले.

*

नलूचा भाऊ बंडू दुबईला. सुट्टीला आलेला तेव्हा एक कॅटलॉग ठेवून गेला. रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांचा. खेळणं नव्हे हं, सुटे भाग येतात, आपण जोडायची आणि शर्यतीत उतरवायची. "भावोजी, यातली एक निवडा, पुढच्या खेपेला आणतो." नलूने मला डोळ्यानेच खुणावलं. मुद्दामच सुट्या भागांची होती ती!

आता निवडायची म्हटल्यावर पाटकरांच्या बाहेरच्या खोलीत अख्खा मजला जमला. पाटकरांच्या आई, म्हणजे माई, सोफ्यावर मधोमध. नलूने पोहे केले. कॅटलॉग या हातातून त्या हातात. थेट मुलगी बघायचा कार्यक्रम!

माई म्हणाल्या, "ही नको. फार बुटकी आहे."

आमचे हे म्हणाले, "ही दिसायला बरी आहे, पण पत्र्याचं काम नाजूक वाटतं."

तळमजल्यावरचे म्हात्रेशेठ इथलेच, बिल्डिंगीमागची मोकळी जागा त्यांचीच. त्यांना इंजिनवाली हवी होती. "आरं पाटकर, आवाज नाय त ती गारी कसली? धूर सोरली पायजे!"

पण त्या इंजिनाला पंपावरचं पेट्रोल चालत नाही, त्याचं वेगळं तेल लागतं असं बंडू सांगून गेलेला. आमचे हे म्हणाले, "इथे रॉकेलला रांग लावतो आपण, ते तेल कुठून आणणार?" बॅटरीवाली ठरली.

मग खालून जमिनीला टेकलेली की उंच, स्प्रिंगवाली? मी म्हटलं, "मानपाडा रोडचे खड्डे डोळ्यासमोर आणा आणि मग बोला." उंच ठरली!

चारही चाकांना जोर की मागच्या दोनच? इथे गाडं अडलं. जो तो चारच्या बाजूने, कारण चार म्हणजे दोनापेक्षा जास्त. तेवढ्यात दारापाशी उभे असलेले पाटकर हळूच म्हणाले, "चार नको. भाग जास्त, जीव कमी. मागच्या दोनच चाकांवर चालणारी घ्या. अठ्ठाविसाव्या पानावर, खालून दुसरी."

सगळ्यांदेखत कॅटलॉगला हातही न लावलेला माणूस पान तोंडपाठ सांगत होता!

माई सोफ्यावर सरसावून बसल्या. "मुलाला पसंत आहे म्हणायचं!"

*

गाडी आली. खोका फोडायला पुन्हा मजला गोळा. आत काळ्या पट्ट्या, पिशव्या, पिशव्यांत स्क्रू, चार चाकं, एक मोटर. उलटापालटा केला, झटकला. रिमोट नाही! बॅटरी नाही, चार्जरही नाही!

बंडूचा फोन माझ्याकडेच यायचा. मीच आधी झापलं त्याला. तो म्हणतो, "वहिनी, किटमध्ये ते नसतंच. वेगळं घ्यावं लागतं. मला पण आत्ताच कळलं!"

"मग कधी आणणार?"

"पुढच्या खेपेला."

मी फोन ठेवून पाटकरांकडे जाऊन सांगितलं. माईंनी कपाळावर हात मारला. "नवरी आली घरी, आणि रुखवत पुढच्या खेपेला!"

*

तोवर जोडायला तर घ्यायची. सांडतील म्हणून स्क्रू कशात ठेवावेत? नलूने मिसळणाचा डबा रिकामा करून दिला. हळदीच्या वाटीत लांब स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत वॉशर, मोहरीच्या वाटीत बेअरिंगचे बारके लोखंडी छर्रे. हो, मोहरीएवढेच असतात!

दुसऱ्या दिवशी नलू ब्लाउजं द्यायला गेलेली आणि माई वरणाला फोडणी घालायला उठल्या. माईंना दिसायचं कमी, पण हाताला सवय पन्नास वर्षांची. डबा उघडला, चिमूट घेतली, तेलात टाकली.

तडतडेना!

माईंनी गॅस वाढवला. तरी तडतडेना. मी खिडकीतून बघत होते, पण मलाही काही कळेना. शेवटी माई ओरडल्या, "सुरेश, मोहरी जुनी झाली रे, जरा वाण्याकडे जाऊन ये!"

पाटकर आत आले, कढल्यात वाकून बघितलं आणि असे हसायला लागले, असे हसायला लागले की भिंतीला टेकून खाली बसले! आमच्या मजल्याने तो आवाज अपघातानंतर पहिल्यांदा ऐकला.

मग चहाच्या गाळणीतून छर्रे गाळून घेतले, पुसले, मोजले आणि तिथेच ओट्याशी उभं राहून बसवायला घेतले. घाईत होते, म्हणून असेल. खिसा विसरले. अंगठा आणि तळवा यांच्यात स्क्रूड्रायव्हर धरला. पडला. उचलला. पुन्हा पडला, पुन्हा उचलला. तेवढ्यात नलू परत आली. दारातून बघितलं, आत न जाता तशीच मागे फिरली आणि माझ्याकडे येऊन बसली. म्हणाली, "वहिनी, चहा टाका. सावकाश उकळा."

आम्ही त्या दिवशी दोनदा चहा प्यायलो. माईंचं वरण मात्र फोडणीवाचूनच राहिलं.

*

पुढच्या खेपेआधी बंडूचा फोन आला. "रिमोट दोन तऱ्हेचे आहेत. एक पिस्तुलासारखा, डाव्या हातात धरायचा आणि त्याला बाजूला छोटं चाक असतं, ते उजव्या हाताच्या बोटांनी फिरवायचं. दुसरा डबीसारखा, त्याला दोन दांड्या. कुठला आणू?"

रिसीव्हरभोवती पाचजण. म्हात्रेशेठ म्हणाले, "चाकवाला! गारीला चाक पायजेच!" आमचे हे पण, "चाकवालाच मॉडर्न दिसेल." पाटकरांना काय वाटत असेल याचा कुणाला विचारच नाही. मी यांच्या पायावर पाय दिला, तर हे उलट मलाच विचारतात, "काय झालं?"

पाटकर पुढे आले आणि त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "बंडू, दांड्यांचा आण. त्याला नुसते अंगठे लागतात. अंगठे माझे दोन्ही आहेत."

फोन ठेवला. म्हात्रेशेठच लगेच म्हणाले, "बरोबर हाय. चाक कशाला? चार खाली हायेतच की!"

*

रुखवत आलं, बॅटरी चार्ज झाली. आता नवी गाडी म्हटल्यावर पूजा नको? मांजराएवढी गाडी, तिला झेंडूचा हार घातला तर गाडी दिसेना, नुसता हार! माईंनी कुंकू लावलं, म्हात्रेशेठनी त्यांच्या मोकळ्या जागेत नारळ फोडला आणि चाकांखाली रीतसर चार लिंबं ठेवली.

माई म्हणाल्या, "हं, आता लिंबं चिरडून पुढे काढ."

आता सांगा, मोटारीखाली लिंबू चिरडतं. हिचं चाक केवढं, लिंबू केवढं! पाटकरांनी दांडी दाबली. मागचं एक लिंबू गोळीसारखं सुटलं ते थेट आमच्या यांच्या कपाळावर! आणि गाडी हवेत उडून हारासकट उलटी. चाकं वर, घरघर चालू.

सगळ्यांचे चेहरे पडले. पूजेच्याच दिवशी पलटी! मी पाटकरांकडे बघितलं, तर उजवा हात निघाला होता परत खिशाकडे.

माई शांतपणे म्हणाल्या, "लिंबू मोठं होतं. दुसरं आण."

दुसऱ्यावरही पलटी. तिसऱ्यावरही. मग रोज संध्याकाळी तोच उद्योग. माई खुर्ची टाकून बसायच्या, पदरातून लिंबू काढायच्या. पाटकर लिंबू ठेवायचे, गाडी उलटायची, म्हात्रेशेठ "आली रं पलटी!" करून ओरडायचे. दांडी एकदम दाबायची नाही, श्वास सोडल्यासारखी हळूहळू न्यायची, हे पाटकरांच्या अंगठ्याला त्या लिंबांनी शिकवलं. एक दिवस गाडी लिंबावर चढली, क्षणभर डुलली आणि पलीकडे उतरली. माईंनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा आमच्या मजल्यावर कुणाला सरबत दिलं की तो आधी विचारायचा, "गाडीखालचं नाही ना?"

*

ठाण्याला एका मैदानावर हौशी लोकांची शर्यत होती. म्हात्रेशेठच्या टेम्पोतून सगळे निघालो. मागे सतरंजी घातलेली, नलूची थालीपीठं, माईंची खुर्ची आणि मांडीवर गाडी घेऊन बसलेले पाटकर. वाटेत कुणी तरी गाणं सुरू केलं. बहुतेक मीच.

मैदानावर गेलो तर काय, शंभर माणसं! रंगीत टोप्या, पेट्या, हत्यारं. खेळणाऱ्यांनी एका उंच स्टेजवर ओळीने उभं राहायचं, सगळ्यांच्या समोर. त्यात आणखी एक नियम निघाला. आपली फेरी झाली की घरी जायचं नाही. पुढच्या फेरीत वळणावर उभं राहायचं आणि ज्याची गाडी उलटेल त्याची धावत जाऊन सरळ करून द्यायची. हाताने. सगळ्यांदेखत.

पाटकरांचा चेहरा पांढरा पडला. नलूकडे येऊन म्हणाले, "आपण परत जाऊ या." आणि उजवा हात खिशात घालायला गेले.

हात गेलाच नाही! घसरला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला. खाली वाकून बघितलं. खिसा बंद! बारीक, सरळ, दिसतही नाहीत असे टाके.

पाटकरांनी नलूकडे बघितलं. नलू थालीपीठं मोजत होती. फार लक्ष देऊन मोजत होती.

माईकवरून त्यांचं नाव आलं. माई म्हणाल्या, "जा रे. लिंबूच आहे समज."

गेले. स्टेजवर दोन्ही हातांत रिमोट धरून उभे राहिले. मधे एक मातीचा उंचवटा होता, तिथे भल्या भल्या गाड्या उडून उलट्या होत होत्या. आमची तिथे आली की हळू व्हायची, डुलायची, उतरायची. म्हात्रेशेठ ओरडून ओरडून घोगरे झाले. शर्यतीत आम्ही शेवटून दुसरे आलो, पण एकदाही उलटलो नाही! आमच्याइतका आरडाओरडा जिंकणाऱ्याच्या माणसांनीसुद्धा केला नाही.

मग पुढची फेरी. पाटकर वळणावर उभे. एक लाल गाडी उडाली आणि बरोबर त्यांच्या पायाशी उलटी पडली. नलूने माझा दंड असा धरला की वळ उठला. पाटकर वाकले. अंगठा आणि करंगळीच्या बेचक्यात गाडी पकडली, सरळ केली, सोडली. स्टेजवरून कुणी तरी ओरडलं, "थँक्यू काका! मस्त!"

मी मुद्दाम सगळीकडे बघितलं. बघायची मला सवयच आहे. त्या मैदानावर एकही माणूस पाटकरांच्या हाताकडे बघत नव्हता. सगळे गाडीकडे बघत होते.

*

नंतर बऱ्याच दिवसांनी नलू गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि मी खिडकीत. असते मी. पाटकरांची ऑफिसची पँट तिने उलटी करून झटकली, आणि मला उजवा खिसा दिसला. बंद!

मी म्हटलं, "अगं नलू, अजून उसवला नाहीस? त्या दिवसापुरतं ठीक होतं."

"तो मी त्याच रात्री उसवला, वहिनी. आणि ही पँट वेगळी आहे."

"मग हे काय?"

नलूने पँट कठड्यावरून माझ्याकडे धरली. मी चष्मा आणायला उठणार होते, पण गरजच पडली नाही. काळ्या पँटवर पांढरा दोरा. टाके हे एवढाले, वाकडेतिकडे, एक इकडे पळतोय, एक तिकडे. शेवटी गाठ तर लिंबाच्या बीएवढी.

नलूने पँट दोरीवर टाकली, खिशाची बाजू उन्हाकडे केली आणि चिमटा लावला.